'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' : ही पाटी लावली की जबाबदारी संपते का?



हॉटेल, मॉल, मंगल कार्यालय, दवाखाना, कुठेही जा, पार्किंगमध्ये एक पाटी हमखास दिसते : 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.' आपण ती वाचतो, गाडी लावतो आणि पुढे जातो. पण गाडी चोरीला गेली तर? जागेचा मालक पाटीकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकतो का? एका खऱ्या खटल्यातून हे समजून घेऊया.

काय घडलं होतं?

१ ऑगस्ट १९९८ च्या रात्री एक ग्राहक दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात गेला. आपली मारुती झेन गाडी आणि किल्ली त्याने हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे दिली. त्याला एक पावती मिळाली. तिच्यावर छापलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर लावली आहे. रात्री एकच्या सुमारास तो बाहेर आला, तर गाडी गायब! दुसऱ्या गाडीतून आलेल्या मुलांपैकी एकाने टेबलावरची किल्ली उचलून ती पळवली होती.

विमा कंपनीने ग्राहकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग ग्राहकासह हॉटेलविरुद्ध तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला, आणि तो हॉटेलच्या विरुद्ध गेला.

न्यायालयाने काय सांगितलं?

आपण किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा गाडीचा ताबाही देतो. काम झाल्यावर ती परत मिळावी, अशी अट त्यात असतेच. कायद्याच्या भाषेत याला 'निक्षेप' म्हणतात. इस्त्रीला दिलेले कपडे किंवा दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, हेही निक्षेपच.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १५१ सांगतं : शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ताब्यातल्या वस्तूची घ्यायची. सेवा फुकट असली तरी हा नियम सुटत नाही.

गाडी परत देता आली नाही, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचं. ते दाखवता आलं, तरच पावतीवरच्या अटीचा आधार घेता येतो. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणावर मात्र अट छापून पांघरूण घालता येत नाही. किल्ली कोणाच्याही हाती लागेल अशी ठेवणं हा निष्काळजीपणाच होता.

मग प्रत्येक चोरीला मालक जबाबदार?

नाही. इथेच मुलांचा गोंधळ होतो. गुन्हा चोराचा, शिक्षाही चोरालाच. मालकाला भरपाई द्यावी लागते ती त्याच्या हलगर्जीपणाबद्दल. शिवाय गाडी आपणच लावली, कुलूप आपणच घातलं आणि किल्ली आपल्याच खिशात असेल, तर ताबा खरोखर दिला होता का, हे आधी सिद्ध करावं लागतं. ते दर प्रकरणात परिस्थिती पाहून ठरतं.

आपण काय करावं?

• पावती जपून ठेवा, शक्यतो तिचा फोटो काढा.
• किल्ली देताना गाडीतल्या मौल्यवान वस्तू काढून घ्या.
• चोरी झाली तर लगेच पोलिसांत तक्रार नोंदवा आणि विमा कंपनीला कळवा.
• सेवेत कमतरता असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

आणि एक गोष्ट आपल्या शाळांसाठी. स्नेहसंमेलनाला स्वयंसेवक पालकांच्या किल्ल्या गोळा करणार असतील, तर त्या कुलूपबंद ठेवा आणि पावती बघूनच परत द्या. किल्ली घेतली की काळजीही आपल्याकडे आली!

वर्गासाठी प्रश्न : ग्रंथालयाच्या दारात आपण दप्तर ठेवतो आणि बिल्ला घेतो. दप्तर हरवलं तर जबाबदार कोण? मुलांना चर्चा करू द्या, उत्तर त्यांनाच सापडेल.