शुक्र सूर्यामागे का गेला नाही?

नाशिकमधल्या एका शाळेत दाखवण्यासाठी मी शुक्राच्या भ्रमणाचं एक छोटं ॲनिमेशन तयार केलं होतं. मागे काळं आकाश, मधोमध पिवळा सूर्य आणि त्याच्याभोवती फिरणारा पांढरा शुक्र. कक्षेकडे आपण जवळजवळ बाजूनं पाहतो आहोत, असं दृश्य. दोन फेऱ्या झाल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, शुक्र सूर्याच्या मागे कधी जातच नाही का?"

चूक माझीच होती. शुक्र डावीकडून उजवीकडे जाताना सूर्याच्या तबकडीवरून सरकत होता आणि परत येतानाही तबकडीवरूनच येत होता. पाहणाऱ्याला वाटावं, तो सूर्यासमोर नुसते झोके घेतो आहे! कक्षेचा आकार, वेग सगळं बरोबर होतं. चुकला होता तो थरांचा क्रम.

हा क्रम म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा पडदा सपाट असतो. सॉफ्टवेअर त्यावर एकेक वस्तू रंगवत जातं आणि नंतर रंगवलेली वस्तू आधीच्या वस्तूला झाकते. निसर्गचित्र काढताना आपण आधी आकाश, मग डोंगर, मग झाड रंगवतो, तसंच हे. प्रत्येक वस्तू वेगळ्या पारदर्शक कागदावर काढली आहे असं समजा. हा कागद म्हणजेच थर किंवा लेअर.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी १९१४ साली पारदर्शक सेल्युलॉइडवर चित्रं काढण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पार्श्वभूमी एकदाच काढायची आणि तिच्यावर हलणाऱ्या पात्राचं सेल्युलॉइड ठेवायचं. साधारण त्याच काळात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले आपले दादासाहेब फाळके एकेक चित्र टिपून निर्जीव वस्तू हलवत होते. १९१२ मध्ये त्यांनी रोपाची वाढ टिपून 'अंकुराची वाढ' केला, पुढे 'आगकाड्यांची मौज' केला. खऱ्या आगकाडीवर दुसरी आगकाडी ठेवली, तर वरची खालचीला झाकतेच; कॅमेऱ्याला काही सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र हे सांगावं लागतं.

सांगायचं आकड्यांनी. समजा, मोठा आकडा म्हणजे पुढचा थर. मी आकाशाला १०, सूर्याला २० आणि शुक्राला ३० दिले होते. (मध्ये जागा सोडली की पुढे धूमकेतू घालायचा झाला तरी सगळे आकडे बदलावे लागत नाहीत.) काही सॉफ्टवेअरमध्ये हे उलटं असतं, मोठा आकडा मागे जातो. म्हणून आधी दोन चौकोन एकमेकांवर ठेवून खात्री करून घ्यावी.

माझा शुक्र कायम ३० वरच राहिला, हीच चूक. अर्ध्या कक्षेत तो सूर्याच्या अलीकडे असतो, तेव्हा ३० बरोबर. उरलेल्या अर्ध्यात तो पलीकडे असतो, तिथे आकडा २० पेक्षा कमी हवा, समजा १५. हा बदल कधी करायचा? शुक्र कक्षेच्या डाव्या आणि उजव्या टोकाशी असताना. तिथे तो सूर्याला झाकत नाही आणि सूर्यही त्याला झाकत नाही, त्यामुळे बदल कुणाच्या लक्षात येत नाही. तबकडीवर असताना बदल केला, तर शुक्र एकदम नाहीसा होतो. आकडा ३० वरून १५ पर्यंत सावकाश उतरू दिला, तर तो २० ला कधी ओलांडेल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून बदल एका झटक्यात करावा.

क्रम सुधारला तरी खोली पूर्ण होत नाही. कोण कुणाला झाकतं एवढंच क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. पृथ्वीवरून पाहताना शुक्र सर्वांत जवळ सुमारे ४ कोटी आणि सर्वांत दूर सुमारे २६ कोटी किलोमीटरवर असतो. म्हणून जवळ असताना त्याचं बिंब सहापट मोठं दिसतं. पृथ्वीवरून दिसणारा शुक्र दाखवायचा असेल, तर क्रमाबरोबर आकारही बदलायला हवा.

आता एक अवघड प्रश्न. शनी आणि त्याची कडी यांत पुढे कोण? कड्यांचा एक भाग शनीच्या पुढे, दुसरा मागे. एकच आकडा देऊन हे जमणार नाही. कडी दोन तुकड्यांत कापायची: मागचा भाग १०, शनी २०, पुढचा भाग ३०.

वर्गात हे करून पाहा. कागदाच्या तीन रंगीत पट्ट्या त्रिकोणात अशा ठेवा की लाल निळीवर, निळी हिरवीवर आणि हिरवी पुन्हा लालवर येईल. मुलांना सांगा, पट्ट्यांना १, २, ३ असे क्रम द्या. कसेही दिले तरी जमत नाही! एक पट्टी कापली की लगेच जमतं. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणाचे चार भाग एकमेकांत अडकवून बंद करतो, तिथेही हेच घडतं. त्रिमितीय चित्रांसाठी यावर एक उपाय १९७४ साली एडविन कॅटमल यांनी मांडला. वस्तूंना क्रम द्यायचाच नाही. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी अंतर नोंदवायचं आणि सर्वांत जवळचा रंग ठेवायचा.

६ जून २०१२ च्या सकाळी शुक्र सूर्यबिंबावरून सरकला. असं अधिक्रमण पुन्हा डिसेंबर २११७ मध्ये होईल. शुक्र सूर्यामागे जातो तेव्हा तर तो आपल्याला दिसतच नाही. आज वर्गात बसलेली बहुतेक मुलं या दोन्ही गोष्टी पाहतील त्या चित्रातच. तेव्हा ॲनिमेशन वर्गात नेण्याआधी ते एकदा थांबवत थांबवत पाहावं आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारावं: इथे कोण कुणाला झाकायला हवं? मी विचारलं नव्हतं, त्या मुलीनं विचारलं.