गुप्त निरोपाला गर्दी हवी

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या पूर्वेला, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढच्या शतकात या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवायला सुरुवात केली. सकळ लिपीची युक्ती सोपी होती. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर लिहायचे, आणि कशासाठी काय ते फक्त पंथातल्या जाणत्यांना ठाऊक. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लिप्यांची उकल केली, तोवर मराठीतले एवढे मोठे गद्य पंथाबाहेरच्या वाचकांना बंदच होते. मजकूर सुरक्षित राहिला, यात शंका नाही. मात्र पोथी उघडणाऱ्या परक्याला अर्थ कळला नाही, तरी काहीतरी लपवले आहे एवढे पहिल्या पानावरच कळत होते. पंथाविषयी जे गैरसमज पसरले, त्यांना या गूढतेनेही हातभार लावला.

याच्या उलट रीत स्वातंत्र्याच्या लढ्यात दिसते. सावरकरांचा 1857 वरचा ग्रंथ 1909 मध्ये इंग्रजीत छापला गेला. त्याच्यावर बंदी होती, म्हणून त्याच्या प्रती इंग्रजी कादंबऱ्यांची खोटी वेष्टने चढवून हिंदुस्थानात पाठवण्यात आल्या. आतले एकही अक्षर बदललेले नव्हते. बदलले होते ते फक्त तपासणाऱ्याच्या नजरेला पडणारे रूप. मजकूर कुलूपबंद करणे आणि मजकूर आहे हेच कळू न देणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. आज संगणकशास्त्रज्ञ त्या दोन्ही एकत्र करून चालू व्हिडिओ कॉलच्या पोटात निरोप दडवू पाहत आहेत. अशा निरोपाची सुरक्षितता त्या शास्त्रज्ञांच्या हुशारीवर जेवढी उभी आहे, त्याहून अधिक ती तुमच्या-आमच्या साध्यासुध्या कॉलवर उभी आहे, असे माझे म्हणणे आहे.

व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे टिपतो. ती आहे तशी पाठवायला बहुतेकांचे नेट पुरणार नाही. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधाराचा चढउतार आकड्यांत मांडते आणि डोळ्यांना न जाणवणारे बारकावे टाकून देते. उरलेले पूर्णांक तेवढे पलीकडे जातात. यातल्या एखाद्या आकड्यात एकाचा फरक केला, तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. याच फरकांतून निरोपाचे शून्य-एक भरता येतात. मात्र ते भरायचे बारकावे टाकून झाल्यावर. आधी भरले तर दाबण्याच्या प्रक्रियेत तेही धुऊन जातात. निरोप दडवण्याआधी तो एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, करतात, यालाही कारण आहे. मराठी मजकुरात काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. सकळ लिपीसारखी अदलाबदल उकलताना नेमके हेच उपयोगी पडते. आधुनिक एन्क्रिप्शनमधून निघालेल्या आकड्यांत असा कोणताच ठसा उरत नाही. ते निव्वळ गोंगाटासारखे दिसतात, आणि चित्रातल्या गोंगाटात गोंगाट मिसळणे सोपे असते.

या शास्त्राचा मूळ प्रश्न गुस्ताव्हस सिमन्स यांनी 1983 मध्ये मांडला. दोन कैद्यांना पळून जाण्याचा बेत ठरवायचा आहे; पण त्यांची प्रत्येक चिठ्ठी जेलर वाचतो आणि संशय आला की बोलणेच बंद करतो. आता जेलर म्हणजे संपूर्ण नेटवर्कवर नजर ठेवणारी यंत्रणा. सुरुवातीला काहींनी स्काइपसारखा दिसणारा बनावट प्रवाह तयार करून तिला चकवू पाहिले. 2013 मध्ये अमीर हूमनसद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशी नक्कल सहज पकडली जाते, कारण खऱ्या सॉफ्टवेअरच्या हजार बारीक सवयी, त्याच्या चुकांसकट, कोणालाच उतरवता येत नाहीत. त्यामुळे संशोधक खऱ्या कॉलकडे वळले. पोर्तुगालमधल्या संशोधकांच्या ‘प्रोटोझोआ’ने 2020 मध्ये ब्राउझरमधल्या खऱ्या कॉलची चित्रे काढून त्यांच्या जागी तेवढ्याच मापाचा गुप्त मजकूर बसवला. कॉल स्वतःच एन्क्रिप्टेड असल्याने बाहेरच्याला फक्त डेटाच्या पाकिटांची मापे आणि वेळा दिसतात, आणि त्या बदललेल्या नसतात. पण कॉल पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरने आत डोकावले, तर चित्राच्या जागी भलतेच दिसेल. 2022 च्या ‘स्टेगोझोआ’ने ती उणीव भरली. त्यात चित्र शाबूत राहते आणि निरोप वर सांगितलेल्या आकड्यांत शिरतो. किंमत वेगात मोजावी लागते. सेकंदाला काही हजार बिट एवढीच त्याची धाव. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे आठ हजार बिटांत तीनशेच्या वर चिन्हे बसतात. पत्रापुरते ते पुष्कळ आहे.

पण यातले काहीही परतवाड्यात चालेल ते परतवाड्यातून रोज असंख्य साधे कॉल होतात म्हणून. पुण्यात शिकायला गेलेली मुलगी, नागपूरच्या दवाखान्यातला नातेवाईक, ऑनलाइन शिकवणी, या सगळ्यांचे कॉल एकसारखे दिसतात, म्हणूनच त्यातला एखादा वेगळा असला तरी उठून दिसत नाही. याच्या उलट, ज्याच्यावर ‘गुप्त’ असा शिक्का आहे ते साधन सहज बंद पाडता येते. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने ब्रायर, थ्रीमा, एलिमेंट यांच्यासह चौदा ॲप्सवर बंदी घातली. व्हिडिओ कॉलवर सरसकट अशी बंदी घातली, तर बँका, शाळा, न्यायालये यांचेच काम अडेल.

नेटच बंद केले तर काय, हा रास्त प्रश्न आहे आणि वऱ्हाडात तो कल्पनेतला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद होते. अशा वेळी ही विद्या पूर्ण निरुपयोगी ठरते. ती कामी येते निवडक बंदीच्या काळात, जेव्हा वृत्तस्थळे अडवलेली असतात पण कॉल चालू असतात. मेळघाटासारख्या क्षीण रेंजच्या भागात पाकिटे गळतात, चित्र तुटते आणि त्यासोबत निरोपही तुटतो. कॅमेरा स्थिर भिंतीकडे असेल, तर दडवायला जागाही थोडी उरते.

याहून गंभीर आक्षेप गुन्हेगारांविषयीचा. दंगल भडकवणारा किंवा स्फोट घडवणारा हेच साधन वापरेल, ही भीती खोटी नाही, आणि ज्या गावांनी संचारबंदी भोगली त्यांना ती सांगावी लागत नाही. पण दंगल भडकवणाऱ्याला आपला मजकूर हजारो लोकांपर्यंत उघडपणे पोचवायचा असतो. एकाच माणसाला सेकंदाला तीनशे चिन्हे पोचवणारी वाट त्याच्या कामाची नाही. कट रचणाऱ्याला ती उपयोगी पडू शकते, हे मान्य केले पाहिजे. मात्र निरोप शेवटी कोणत्यातरी फोनवर उघडतो, आणि फोन जप्त करण्याचे, संशयिताच्या माणसांवर पाळत ठेवण्याचे अधिकार पोलिसांकडे आहेतच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69 तर सांकेतिक मजकूर उलगडून देण्यास नकार देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगते. एवढी साधने असताना सर्वांचेच एन्क्रिप्शन सैल करण्याचे कारण उरत नाही. सैल केल्याने कसबी गुन्हेगार दुसरे साधन शोधेल आणि उघडा पडेल तो सामान्य माणूस, शिवाय त्याच्या गर्दीत आसरा घेणारा पत्रकार किंवा भ्रष्टाचार उघड करणारा कर्मचारी. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, ते अशा माणसांसाठीही आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनी मोठ्या मेसेजिंग सेवांवर निरोपाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकली, आणि त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावे लागेल असे म्हणत व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. हा वाद दोन बलाढ्यांमधला म्हणून सोडून देऊ नये. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने व्हिडिओत निरोप दडवणाऱ्या प्रायोगिक साधनांवर आज विसंबू नये. ती अजून तेवढी पारखलेली नाहीत. आणि ज्याला लपवण्यासारखे काहीच नाही, त्याने आपल्या साध्या कॉलचे एन्क्रिप्शन कमकुवत करणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला आपल्या खासदाराकडे लेखी विरोध नोंदवावा.