स्टेडियमपलीकडचं अलाबामा

फुटबॉलच्या शनिवारी टस्कलूसातलं, लाखभर प्रेक्षकांचं ब्रायंट-डेनी स्टेडियम ‘रोल टाइड’च्या आरोळ्यांनी दणाणतं. अलाबामा विद्यापीठाची ही एकी खरी, पण अपुरी. ११ जून १९६३ रोजी प्रवेश घ्यायला आलेल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या फॉस्टर सभागृहाच्या दारात उभे राहिले. त्याच दिवशी वॉलेस यांना बाजूला व्हावं लागलं. गोऱ्या ‘सोरोरिटी’, म्हणजे विद्यार्थिनींची खासगी मंडळं, मात्र, एखाददुसरा अपवाद सोडता, कृष्णवर्णीय मुलींना पुढे पन्नास वर्षं बंदच राहिली. माजी सदस्यांच्या दबावाखाली अशा मुलींना नाकारल्याचं २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच ‘क्रिमझन व्हाइट’ वृत्तपत्रानं छापलं, तेव्हा कुठे प्रशासन हललं. ही खासगी मंडळं आहेत, अवाढव्य आवारात नवख्यांना आपलेपणा देतात, असं समर्थक म्हणतात. आपलेपणा मान्य. पण अशाच मंडळांची ‘द मशीन’ ही गुप्त युती विद्यार्थी निवडणुका फिरवत आली आहे. सत्ता सार्वजनिक आणि दार तेवढं खासगी, हा युक्तिवाद टिकत नाही.