व्यवसायोपचार

आजार, अपघात किंवा जन्मजात व्यंग यांमुळे नित्याची कामे करण्याची क्षमता उणावलेल्या रुग्णास निवडक व हेतुपूर्ण कामांच्याच द्वारे पुन्हा स्वावलंबी करण्याच्या उपचारपद्धतीस व्यवसायोपचार म्हणतात. ‘ऑक्युपेशनल थेरपी’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय काहीसा फसवा आहे. कारण येथे व्यवसाय म्हणजे केवळ चरितार्थाचा धंदा नव्हे, तर जेवणे, अंघोळ, कपडे नेसणे, स्वयंपाक इ. सर्व कामे अभिप्रेत आहेत. भौतिकी चिकित्सेत स्नायूंचे बळ व सांध्यांची हालचाल यांवर भर असतो. व्यवसायोपचारात त्या बळाने घास तोंडापर्यंत जातो की नाही, हे पाहिले जाते.

पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांच्या पुनर्वसनातून या पद्धतीस चालना मिळाली. भारतात तिचा पाया मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी घातला. त्यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू झाले. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या शिक्षणाची सोय झाली. विदर्भाच्या पूर्व भागास, विशेषतः सु. ६० किमी.वरील भंडाऱ्यास, हे केंद्र जवळचे होय.

भंडारा जिल्ह्यात भात हे मुख्य पीक असून रोवणी चिखलात उभे राहून व कंबरेत वाकून करतात. घरातील बरीच कामे जमिनीवर बसून होतात. त्यामुळे टेबल-खुर्चीच्या घरांसाठी रचलेले पाश्चात्त्य पाठ येथे अपुरे पडतात. उकिडवे बसता येईल असा जयपूर पाय (१९६८) उपयुक्त ठरला, तो याच कारणाने.

पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचा प्रादुर्भाव दीर्घकाळ आढळत आला आहे. बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो. तथापि मज्जातंतूंची जुनी हानी सहसा भरून येत नाही. बोटे आकड्यासारखी वळतात व बधिर हातास तापलेल्या भांड्याचा चटका कळत नाही. अशा रुग्णास भांडी चिमट्याने वा जाड फडक्याने धरणे, विळ्याची मूठ कापड गुंडाळून जाड करणे, हात पाण्यात भिजवून तेल लावणे व रोज रात्री जखमा शोधणे शिकवितात. दुखत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते आणि तिच्यातूनच पुढे बोट गमवावे लागते.

याच प्रदेशात आढळणाऱ्या दात्रकोशिका रोगात (सिकलसेलमध्ये) मांडीच्या हाडाच्या शीर्षाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते झिजू शकते. मग वाकणे व उकिडवे बसणे कठीण होते. उंच ओटा, उंच बैठकीचे शौचालय व बसून करण्याजोगे काम यांची योजना करावी लागते.

अर्धांगवायूच्या रुग्णाने सदऱ्याची बाही प्रथम लुळ्या हातात घालावी व काढताना ती शेवटी काढावी. ताटाखाली ओले फडके ठेवल्यास ते सरकत नाही. लुगड्याच्या निऱ्या आधीच शिवून घेता येतात. या युक्त्या क्षुल्लक वाटतात, पण रुग्णाची प्रतिष्ठा त्यांवरच अवलंबून असते. घरची माणसे मायेपोटी सर्व काही स्वतःच करू लागली, तर शिकलेले कामही रुग्ण विसरतो. म्हणून उपचारात त्यांचेही शिक्षण अंतर्भूत असते.

महाराष्ट्रात या व्यवसायाच्या नियमनासाठी २००२ चा राज्य अधिनियम झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कुष्ठरोगमुक्त व्यक्तींबरोबर दात्रकोशिका रोगाचाही समावेश करण्यात आला.