प्राणहितेचे डोह आणि चैत्रातली मासेमारी

होळी झाली की अहेरीजवळ प्राणहितेचं पात्र उघडं पडू लागतं. श्रावणात या काठावरून त्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही एवढी जी नदी पसरते, तीच आता वाळूच्या कडेकडेने मुकाट्याने वाहते. मधे खडक वर येतात, वाळूचे पट्टे पडतात, आणि जागोजागी खोल पाणी तेवढं राहतं. हेच आपले डोह. पहाटे मोहफुलं वेचायला बायकापोरं रानात जातात, आणि त्याच पहाटे गावातली आठदहा माणसं जाळी खांद्यावर टाकून नदीची वाट धरतात.

एकट्याने गळ टाकून बसणं निराळं आणि दहा जणांनी मिळून डोहात जाळं ओढणं निराळं. एकट्याचा गळ लागला तर त्याच्या घरी एका वेळचं कालवण होतं. दहा जणांनी मनावर घेतलं तर अख्खा डोह रिकामा होऊ शकतो. म्हणून ही सामुदायिक मासेमारी जरा नीट समजून घ्यायला हवी. मासे डोहात का जमतात, ते कसे धरतात, आणि मुख्य म्हणजे किती धरावेत, एवढंच आज सांगणार आहे.

आधी नदीची ओळख. वर्धा येते मुलताईकडून, वैनगंगा येते सिवनीकडून. चपराळ्याजवळ दोघी एकत्र होतात आणि तिथून पुढे त्यांच्या पाण्याला प्राणहिता म्हणतात. सुमारे ११३ किलोमीटर वाहून ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. समोरच्या काठाला कालेश्वराचं देवस्थान आहे. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, पलीकडचा २०१४ पासून तेलंगणाचा. डोह मात्र दोघांचा एकच. इकडचा माणूस मासा म्हणतो, तिकडचा चेपा म्हणतो, आणि रानातला गोंड भाऊ मीन म्हणतो. गुरुजी, मुलांना राशींची नावं शिकवताना बारावी रास मीन का, हे सांगायला गोंडी बोलणारं पोर वर्गात असेल तर त्यालाच उभं करा. संस्कृतातला हा शब्द मुळात द्राविडी भाषांकडून आला असावा, असं पुष्कळ भाषापंडितांचं मत आहे.

आता डोहाकडे येऊ. पाण्यात विरघळलेला प्राणवायू माशाला कल्ल्यांतून घ्यावा लागतो, आणि पाणी जितकं तापतं तितका तो कमी मावतो. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच. इकडे मासा थंड रक्ताचा जीव. पाणी तापलं की त्याच्या अंगातली आग वाढते, श्वास वाढतो. गरज वाढली आणि पुरवठा घटला, असा प्रकार होतो. उथळ पाणी दुपारी कोमट होतं, डोहाचा तळ त्या मानाने थंड राहतो. म्हणून फाल्गुनापासून मोठा मासा उथळ सोडून डोहाकडे सरकतो. शिवाय दिवसा प्राणवायू देणारं शेवाळ रात्री उलट तो खातं, त्यामुळे साचल्या पाण्यात पहाटेच्या वेळी त्याची सगळ्यांत जास्त टंचाई असते. अशा वेळी मासे कुठे येतील? वरच्या खडकांतून खळखळत पाणी जिथे डोहात पडतं, त्या तोंडाशी. म्हातारे ढिवर मिलिग्रॅमची भाषा बोलत नाहीत, पण त्यांचं जाळं नेमकं त्याच तोंडाशी लागलेलं असतं.

मरळीला मात्र ही अडचण नाही. ती पाण्याबाहेर तोंड काढून सरळ हवा घेते, म्हणून चिखलातसुद्धा तग धरते. तेलुगूत तिला कोरामीनू म्हणतात आणि तेलंगणाने २०१६ साली तिला आपला राज्य-मासा ठरवलं. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते. तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर सळसळताना दिसला की खाली मरळ आहे असं खुशाल समजावं. दुर्दैव असं, की हाच पुंजका पाहून माणूस गळ टाकतो. आईबाप गेले की उरलेला पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

शिंगाडा हा मिशीवाला मोठा मासा. उन्हाळ्यात त्याच्या विणीला सुरुवात होते. नदीच्या तळाशी तो खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि नर राखणीला बसतो. म्हणजे ऐन चैत्र-वैशाखात जाळं तळावरून ओढलं की घर आणि घरधनी दोन्ही एकदम वर येतात. रोहू, कटला, मृगळ यांची गोष्ट निराळी. ते घर करत नाहीत. पहिला पूर आला की गढूळ पाण्यावर ते प्रवाहाच्या उलट निघतात आणि काठच्या बुडालेल्या गवतात, सखल जागी अंडी सोडतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो.

झिंग्याचा संसार सर्वांत लांबचा. गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याची अगदी कोवळी पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. पुराबरोबर ती समुद्राच्या तोंडाशी जातात, तिथे जरा मोठी होतात आणि मग शेकडो किलोमीटर उलट चढत येतात. वाटेत बांध आला की चढण थांबते. धवळेश्वरमचा बांध ऑर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअराने १८५२ साली पुरा केला. सिरोंच्याच्या खाली मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. शेतीला पाणी हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण बांध घालताना झिंग्याची वाट कुणी विचारात घेतली नाही, हेही खरं.

मासेमारीचं काम असं चालतं. उभं जाळं आदल्या संध्याकाळीच लावून ठेवतात. त्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या, वरच्या दोराला तरंगणारे भोपळे किंवा हल्ली प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या. पहाटे डोंग्यात दोघे बसतात. एक वल्हवतो, दुसरा ओढजाळ्याचं टोक घेऊन डोहाला वळसा घालतो. काठावर दोन टोळ्या दोन टोकं धरून उभ्या असतात. मग वरच्या अंगाला कुणीतरी काठीने पाणी आपटतो, मासा बिथरून खाली पळतो आणि जाळं हळूहळू आवळत आणतात. इथे घाई करणारा माणूस कामाचा नाही. जाळ्याचा खालचा दोर तळापासून हातभर जरी उचलला गेला तरी निम्मी मासळी खालून निसटते. उथळ कडेला फेकजाळं टाकणारे असतात, आणि बायका टोपल्या आणि हातजाळी घेऊन झिंगे, लहान मासे वेचतात. लहान ओढ्यांत माती-दगडांचा बांध घालून, पाणी उपसून मासे धरण्याचीही रीत आहे.

मग वाटणी. पुष्कळ ठिकाणी माणसाला एक वाटा, जाळ्याला एक वाटा आणि डोंग्याला एक वाटा असतो. गुरुजी, याचं गणित मुलांना जरूर घाला. आठ माणसं, दोन जाळी, एक डोंगा; मासळी बावीस किलो. अकरा वाटे झाले, वाट्याला दोन किलो. आता डोंगा आणि एक जाळं एकाच माणसाचं, आणि तो स्वतःही ओढायला होता, तर त्याच्या घरी किती गेलं? सहा किलो. पुस्तकातल्या नफ्या-तोट्याच्या उदाहरणापेक्षा हे पोरांना लवकर कळतं, आणि डोंगा बांधणाऱ्याला जास्त वाटा का, यावर वर्गात चांगलं भांडणही होतं.

आता नाजूक गोष्ट. शेतकरी आपल्या बियाण्याच्या कोठीकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने चैत्रातल्या डोहाकडे पाहायला हवं. पावसाळ्यात सगळ्या नदीत पसरलेला मासा या दिवसांत चार डोहांत कोंडलेला असतो. पुढच्या मृगात अंडी देणार तो हाच. किलोभर वजनाची रोहूची मादी एका विणीत दोन लाखांवर अंडी देते. त्यांतली बहुतेक मरतात, हे निसर्गाने धरलेलंच आहे. म्हणून तर अंडी एवढी. पण मादीच राहिली नाही तर कसली अंडी? तलावाला निदान बाहेरून बीज आणून सोडता येतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी घालवून घेतली, तेव्हापासून तलावाचं बीज तयार करता येऊ लागलं. त्याआधी तेही बहुतेक नदीतूनच गोळा करावं लागे. नदीची स्वतःची मदार मात्र अजून डोहावर आहे.

आणि अशा कोठीत विष घालणारे लोक आहेत. पूर्वी गेळफळासारखी रानातली फळं, काही झाडांच्या साली कुटून लहान ओढ्यात टाकत. त्याने माशाचे कल्ले निकामी होत, मासा गुंगून वर येई. तेही चांगलं नव्हतंच, पण ओढा लहान, माल थोडा, आणि वाहत्या पाण्यात त्याचा जोर लवकर ओसरे. आता कपाशीवर फवारायचं औषध ओततात, ब्लीचिंग पावडर टाकतात, कुठे बॅटरीची तार पाण्यात सोडतात. यात बोटभर पिल्लू वाचत नाही, माशांचं खाणं असलेले किडे वाचत नाहीत, अंडी पोटात असलेली मादी वाचत नाही. हाती लागतो त्याच्या कितीतरी पट मासा तळाशी सडतो आणि डोहाचं पाणी नासवतो. त्याच डोहावर ढोरं पाण्याला येतात. त्याच वाळूत झिरा खणून बायका प्यायचं पाणी भरतात. औषधाने मेलेला मासा बाजारात विकला तर कुणाच्या ताटात काय गेलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. एका रात्रीच्या कमाईसाठी हे करणाऱ्याला अडाणी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. बाटलीवरचं कवटीचं चित्र त्यालाही दिसतं.

कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणं गुन्हा ठरवलं. पण रात्री डोहावर पहारा द्यायला शिपाई कुठून येणार? इथे गावाचाच उपयोग. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न घेण्याचा सामूहिक हक्क मान्य केला आहे, आणि त्याच कायद्यात पाण्याच्या जागा, वन्यजीव, जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, हे तुम्ही ऐकलं असेल. तेव्हा डोहाचा नियम ग्रामसभेत करता येतो. पलीकडच्या काठाच्या गावालाही बसवून बोलावं लागेल, कारण एका काठाने राखायचं आणि दुसऱ्याने लुटायचं, यात कुणाचंच भलं होत नाही. चपराळा अभयारण्याच्या बाजूला मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय जाळं पाण्यात घालू नये.

नियम फार लांबलचक नसावा. गावाच्या हद्दीत चार डोह असतील तर सगळ्यांत खोल एक डोह होळीपासून पूर ओसरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाकीच्या डोहांत जाळ्याची छिद्रं एवढी मोठी असावीत की बोटभर मासा सुटून जाईल. मच्छरदाणीचं कापड जाळं म्हणून वापरायचं नाही. तळावरून ओढताना शिंगाड्याची खळगी दिसली तर तेवढी जागा सोडून द्यायची. पाणी नितळ असलं तर ती काठावरूनही दिसतात. पोट फुगलेली मादी जिवंत असेल तर ओल्या हाताने उचलून परत सोडावी. कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि ती रोगाला बळी पडते.

शिक्षकांना एक काम सुचवतो. वरच्या वर्गाच्या मुलांकडून डोहाची वही ठेवून घ्या. डोंग्यातल्या मोठ्या माणसाने हातभर अंतरावर गाठी मारलेला, दगड बांधलेला दोर सोडावा आणि मुलांनी काठावर बसून खोली लिहावी. पोरांना पाण्यात उतरू देऊ नये. वाळूचा काठ आतून पोकळ असतो. तारीख, डोहाचं नाव, कोणता मासा मिळाला, त्याचं मराठी, तेलुगू, गोंडी नाव, साधारण लांबी, पोटात अंडी होती की नव्हती, एवढं पुरे. नावं विचारायला ढिवरांच्या आणि भोयांच्या घरी पाठवा. तीन वर्षांची वही झाली की कोणता मासा कमी होतोय याचं उत्तर ग्रामसभेला आपल्याच शाळेतून मिळेल.

मृग लागायच्या आत उभी जाळी पाण्यातून काढावीत, गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावीत आणि उंदीर पोचणार नाहीत अशी आढ्याला टांगावीत. फाटलेली घरं विणायला पावसाची झड पुरते. पहिल्या पुरात मासा चढायला लागला की ओढ्याच्या तोंडाशी उभं राहून काठीने झोडपायचा मोह होतोच, पण निदान पहिले दोन पूर त्याला वर जाऊ द्यावं. अंडी टाकून तो परत खालीच येतो, आणि तेव्हा जाळीही विणून तयार असतात.