काट्यांतली फुले

मुलांनो, निवडुंग म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? शेताच्या बांधावरचे काटेरी कुंपण! उर्दूत तुम्ही त्याला नागफनी म्हणता. हे झाड कोणी हौसेने अंगणात लावील, असे तुम्हांला वाटणार नाही. पण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे शहर आहे. ते सोनोरा वाळवंटात वसले आहे. तिथे पाऊस फार थोडा पडतो. हिरवळ राखायला पाणी कुठून आणायचे? म्हणून तिथले पुष्कळ लोक अंगणात निवडुंगाचीच बाग करतात.

निवडुंग मूळचा अमेरिकेचाच. आपल्याकडचा फड्या निवडुंगही तिथूनच आला. त्याचे काटे म्हणजे बदललेली पाने. अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोड करते आणि पाणीही तेच साठवते. त्याची मुळे जमिनीत फार खोल जात नाहीत. ती आजूबाजूला पसरतात आणि पडलेला पाऊस चटकन शोषून घेतात.

अशी बाग करायची तर काय करावे? मातीत भरड वाळू मिसळावी, म्हणजे पाणी साचत नाही. निवडुंग तहानेने क्वचित मरतो; जास्त पाण्याने मात्र त्याची मुळे कुजतात. रोप लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. तेवढ्यात दुखावलेली मुळे बरी होतात. रोपाची जी बाजू आधी दक्षिणेकडे होती, तीच पुन्हा दक्षिणेकडे ठेवावी. नाही तर सावलीत वाढलेली कोवळी साल उन्हाने भाजते. लहान रोपांना दुपारी थोडी सावली हवी. टूसॉनमध्ये हिवाळ्यात कधी कधी पाणी गोठण्याइतकी थंडी पडते. तेव्हा लोक उंच निवडुंगांच्या कोवळ्या शेंड्यांवर थर्माकोलचे पेले उपडे घालतात. जणू झाडांना टोप्याच!

उन्हाळ्याच्या तोंडावर ही बाग फुलते. लाल, पिवळी, गुलाबी, पांढरी फुले पाहून डोळे निवतात. पण त्यांचे आयुष्य फार थोडे! सवारो नावाच्या उंच निवडुंगाचे पांढरे फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटून जाते. हेच फूल १९३१ पासून ॲरिझोनाचे राज्यफूल आहे. रात्री वटवाघळे आणि सकाळी मधमाश्या व कबुतरे त्यातील मध प्यायला येतात.

एवढ्या थोड्या वेळाचे सौंदर्य जपायचे कसे? छायाचित्र काढून! कळी फुगू लागली की तिच्यावर रोज लक्ष ठेवावे. छायाचित्र पहाटेच्या मऊ उजेडात काढावे. भर दुपारी पाकळ्यांचे रंग फिके दिसतात. तेव्हा फुलावर छत्रीची सावली धरावी. मागे काळे कापड धरले, तर फूल उठून दिसते. कॅमेरा हलू नये म्हणून तो तिपाईवर ठेवावा. आणि हो, मागे सरकताना आपल्या पाठीशी दुसरा निवडुंग नाही ना, तेही पाहावे!

आता एक गंभीर गोष्ट. सवारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम तीन-चार सेंटीमीटर वाढतो. त्याला पहिले फूल यायला सुमारे ३५ वर्षे लागतात. तरीही काही लोभी माणसे वाळवंटातले निवडुंग चोरून विकतात. म्हणून सवारो राष्ट्रीय उद्यानात काही झाडांच्या अंगात मायक्रोचिप बसवल्या आहेत. त्यामुळे चोरलेले झाड ओळखता येते. खरा बागप्रेमी रोपवाटिकेत वाढवलेलेच रोप घेतो. रानातले फूल तो फक्त कॅमेऱ्यात घेऊन येतो. त्यामुळे झाड जागेवर राहते आणि फूल घरी येते.

तुमच्या गावाजवळ फड्या निवडुंग असेल, तर तो फुलला की जरूर पाहा. फुलातील पुंकेसरांना काडीने हलकेच स्पर्श करा. ते हळूहळू आत वळतील! मात्र हात जपा. त्याचे बारीक, केसांसारखे काटे दिसत नाहीत, पण बोटात शिरले की चिमट्यानेच काढावे लागतात.