एकही रोप विकत न घेता बाल्कनीतली बाग

आजचा विषय तुम्हीच सुचवलेला : खिशात हात न घालता रोपं कुठून आणायची?

सुरुवात स्वयंपाकघरातून. पुदिन्याची पानं खुडली की काड्या आपण टाकून देतो. त्यातल्या चार जाड काड्या पाण्यात उभ्या ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात, मग मातीत लावा. धणे लाटण्याने हलके रगडा, दोन भाग झाले की पेरा. गवती चहा मात्र बुडख्यासकट हवा. नुसत्या पातीला मुळं फुटत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे शेजार. पानओवा, जास्वंद यांची फांदी मागितली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या. डोळा, म्हणजे पान फुटतं ती जागा. त्याच्या जरा खाली तिरका काप द्या. खालची पानं काढा आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. पावसाळा यासाठी उत्तम. माझ्या पहिल्या पाचही काड्या वाळल्या, कारण मी त्या थेट उन्हात ठेवल्या. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं, भरून येत नाही. म्हणून पालवी फुटेपर्यंत सावली. आणि मुळं आली का ते उपटून बघायचं नाही!

आता मोगऱ्याबद्दल. आईने चाळीच्या अंगणात लावलेला. आई गेली, मग चाळही पुनर्विकासात निघाली. दिवाळीपर्यंत घरं रिकामी करायची होती. इतकं जुनं झुडूप उपटलं तर जगेल, याची खात्री नव्हती. तेव्हा शेजारच्या काकांनी दाब कलम शिकवलं. जमिनीलगतची फांदी कापायची नाही, नुसती वाकवायची. एका डोळ्याखालची साल थोडी खरवडायची, तेवढा भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा, शेंडा बाहेर. मुळं फुटेपर्यंत मूळ झाडच तिला पोसतं, म्हणून ती सहसा वाळत नाही.

आषाढात दाबलेली फांदी नवरात्रात मुळांसकट वेगळी केली. तेलाच्या पाच लिटरच्या डब्याला तळाशी भोकं पाडून त्यात लावली. अंगण गेलं, पण आईचा मोगरा आता तिसऱ्या मजल्यावर फुलतो.

तुमच्याही जुन्या घरी असं एखादं झाड असेल तर या पावसाळ्यात एक फांदी दाबून ठेवा. घर रिकामं करायची नोटीस आल्यावर हाताशी दिवस कमी उरतात. भेटू पुढच्या भागात!